मनाची गोळी बदलताना एकदा काट्यावर उभे राहा

उसाचा हंगाम सुरू झाला की सांगवी-माळेगाव भागात चार माणसे एकत्र आली तरी बोलणे काट्याचे. गाडी रिकामी किती, भरलेली किती, पावती नीट पाहिली का. सकाळी डेअरीवर दूध घालायला गेलेला माणूसही लिटर आणि फॅटचे आकडे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय हलत नाही. वजनमापाच्या बाबतीत आपण असे दक्ष. पण त्याच माणसाला विचारा, घरात मंडळींचे वजन गेल्या वर्षी किती होते? उत्तर येते, "असेल पन्नास-पंचावन्न."

एरवी हे चालून जाते. पण घरात कोणी नैराश्यावरची गोळी घेत असेल, आणि ती गोळी बदलायची वेळ आली असेल, तर चालत नाही. आजचा विषय तो आहे.

या गोळ्या घेणारी माणसे आपल्या भागात कमी नाहीत, फक्त कोणी बोलत नाही. चिठ्ठी बारामतीच्या डॉक्टरची, औषध मात्र नदी ओलांडून फलटणच्या दुकानातून आणायचे, म्हणजे गावात कोणाला कळायला नको. पाकीट पिठाच्या डब्यामागे. एवढे सांभाळूनही एक गोष्ट लपत नाही, ती म्हणजे अंग. गोळी कोणाला दिसत नाही, वजन सगळ्यांना दिसते.

एक चित्र डोळ्यांपुढे आणा. ते कोणा एकीचे नाही, म्हणून ओळखीचे कोणी त्यात शोधू नका. चाळिशीची बाई, उंची पाच फूट एक इंच, वजन ५४ किलो. मुलगी लग्न होऊन गेली, त्याच वर्षी सासूबाई गेल्या, आणि घर खायला उठले. जेवण जाईना, पहाटे तीनला जाग, कामात लक्ष नाही, उगाच रडू. दोन-तीन महिने देवऋषी आणि अंगारे झाले. शेवटी डॉक्टरकडे नेले तेव्हा काटा ४७ दाखवत होता. मिर्टाझापिन नावाची गोळी रात्री एक अशी सुरू झाली. चौथ्या-पाचव्या दिवशी झोप लागली, आठवड्यात भूक लागली, दोन महिन्यांत बाई पुन्हा चार जणींत बसू-बोलू लागली. घर सुखावले. आठव्या महिन्यात काट्यावर आकडा ६१.

मग सुरू होते ते सगळ्यांना ठाऊक आहे. ब्लाउज बसत नाहीत. लग्नात भेटलेली लांबची जाऊ म्हणते, "काय वैनी, अंग सुटलंय तुमचं." घरातले म्हातारे माणूस निदान करते, "गोळ्यांची सूज आहे ती." बाई एक दिवस कोणाला न सांगता गोळी बंद करते. पहिल्या आठवड्यात गरगरणे, मळमळ, चिडचिड, तुटक झोप. ते दिवस निघून जातात, तिला वाटते सुटले. पण महिना-दीड महिन्याने पहाटेची जाग परत येते आणि मागोमाग बाकी सगळे. घरचे म्हणतात, "बघा, गोळीची सवयच लागली होती."

सवय नव्हे. इथे दोन वेगळ्या गोष्टी घडलेल्या असतात. पहिल्या काही दिवसांतली गरगर आणि मळमळ ही औषध एकदम तोडल्याची शरीराने केलेली तक्रार. नंतर हळूहळू उतरलेली उदासी म्हणजे मूळ आजार परतला. पॅरॉक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन या गोळ्या तोडताना पहिली तक्रार विशेष जोरात होते, काहींना डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखे वाटते. दुसरी गोष्ट मात्र कोणतीही गोळी मध्येच सोडली तरी होऊ शकते, आणि तिचे टोक कुठवर जाते हे वर्तमानपत्र वाचणाऱ्याला सांगायला नको.

माझे म्हणणे असे, की या बाईने गोळी सोडली हा तिचा हट्ट नव्हता. तिला कोणी आधी सांगितलेच नव्हते. पहिल्या दिवशी कोणी म्हणाले असते, "या गोळीने भूक वाढेल, दर महिन्याला वजन करू, अमुक किलोच्या वर गेले तर मला सांगा, आपण बदलू," तर ती सहाव्या महिन्यात डॉक्टरकडे आली असती. आमच्या व्यवसायातल्या पुष्कळांना वजनाची तक्रार क्षुल्लक वाटते. मन बरे झाले ना, मग थोडे अंग धरले तर काय बिघडले? बिघडते ते हे, की पेशंट गोळी सोडतो. अमेरिकेत आठ आरोग्य संस्थांमधल्या १,८३,११८ रुग्णांच्या नोंदी तपासून २०२४ साली एक अहवाल 'ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन' या नियतकालिकात आला. सहा महिन्यांनी पहिलीच गोळी नीट चालू ठेवणारे त्यांत औषधागणिक फक्त २८ ते ४१ टक्के होते. सोडण्याची कारणे अनेक असतात, सगळ्यांचे कारण वजन नव्हे. पण आपल्याकडे लपूनछपून गोळी घेणाऱ्या बाईला "अंग सुटलंय" हा शेरा किती लागतो, ते विचारून पाहावे.

आता दुसरी बाजू. बाईच्या ४७ चे ६१ झाले, म्हणजे १४ किलो वाढले, आणि सगळा ठपका गोळीवर. पण आजारापूर्वी ती ५४ होती. मधले सात किलो आजाराने खाल्ले होते, ते भरून आले. ती वाढ नव्हे, ते बरे होणे आहे. त्यापुढचे सात किलो मात्र नवे, आणि त्यांत गोळीचा वाटा मोठा. १४ आणि ७ या दोन आकड्यांत फार अंतर आहे. आजारापूर्वीचे वजन कोणाला ठाऊकच नसेल तर हा हिशेब करायचा कसा? लग्नातला फोटो आणि जुने ब्लाउज यांवरून अंदाज बांधत बसावे लागते.

मनाचे औषध आणि वजन यांचे नाते औषधाच्या जन्मापासूनचे आहे. १९५२ साली न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंड भागातल्या सी व्ह्यू हॉस्पिटलात क्षयरोग्यांना इप्रोनियाझिड नावाचे औषध देऊन पाहत होते. क्षयाने खंगलेली माणसे उत्साही झाली, त्यांची भूक वाढली, वजन चढू लागले. फुप्फुसावरचे औषध मनावर काम करते आहे हे हळूहळू ध्यानात आले आणि नैराश्यावरच्या पहिल्या औषधांपैकी एक हाती लागले. (पुढे यकृताला त्रास होतो म्हणून ते मागे पडले.) १९५७ साली स्वित्झर्लंडच्या रोलांड कून यांनी इमिप्रामिनचा गुण जाहीर केला, मग अमिट्रिप्टिलिन आले. आपल्याकडच्या जुन्या पेशंटांनी वर्षानुवर्षे खाल्ली ती हीच घराणी. १९८७ च्या शेवटी अमेरिकेत फ्लुओक्सेटिनला परवानगी मिळाली आणि नव्या गोळ्यांचे युग सुरू झाले.

या गोळ्या वजनाच्या बाबतीत सारख्या नाहीत. मिर्टाझापिन, अमिट्रिप्टिलिन आणि पॅरॉक्सेटिन वजन वाढवणाऱ्यांत पुढे आहेत. मिर्टाझापिन आणि अमिट्रिप्टिलिन शरीरातल्या हिस्टामिनचे काम रोखतात, सर्दीच्या जुन्या गोळ्यांनी झोप येते त्यातलाच हा प्रकार, आणि त्याने भूक खवळते, विशेषतः गोडाची. अमिट्रिप्टिलिनने तोंडही कोरडे पडते. मग घोटभर काहीतरी हवे असते, आणि आपल्याकडे घोटभर म्हणजे चहा. एका कपात दोन चमचे साखर धरली तर साधारण १० ग्रॅम, म्हणजे ४० कॅलरी, दूध वेगळे. असे पाच कप रोज जास्तीचे झाले तर दोनशे कॅलरी नुसत्या साखरेच्या. तोंड कोरडे पडत असेल तर पाणी प्यावे, बडीशेप चघळावी. ही सूचना चिठ्ठीवर कोणी लिहीत नाही, पण लिहायला हवी.

एसिटॅलोप्रॅम आणि सर्ट्रालिन या आज सर्रास दिल्या जाणाऱ्या गोळ्या मधल्या रांगेतल्या. वर सांगितलेल्या अमेरिकी अहवालात सर्ट्रालिनच्या तुलनेत एसिटॅलोप्रॅम घेणाऱ्यांचे वजन सहा महिन्यांत सरासरी ०.४१ किलोने जास्त वाढले, पॅरॉक्सेटिनवाल्यांचे ०.३७ किलोने. फ्लुओक्सेटिनचा फरक नगण्य. ब्युप्रोपिऑनवाल्यांचे मात्र ०.२२ किलोने कमी. वाचक म्हणेल, अर्ध्या किलोसाठी एवढी चर्चा? पण ही सरासरी आहे. सरासरीत कोणाचे काहीच वाढत नाही आणि कोणाचे आठ किलो वाढते. आपण कोणत्या टोकाचे, ते सरासरी सांगत नाही, आपला काटाच सांगतो.

मग ज्याने वजन वाढत नाही तीच गोळी सगळ्यांना का देऊ नये, असा प्रश्न येतो. ब्युप्रोपिऑन फिट येणाऱ्याला देत नाहीत, आणि ज्याला झोप नाही व जीव घाबरा होतो त्याला ते सोसेलच असे नाही. उलट, ७० वर्षांचे आजोबा आजी गेल्यापासून अर्धी भाकरीही खात नाहीत, हाडे दिसू लागली आहेत, रात्र रात्र बसून काढतात, त्यांना मिर्टाझापिनची भूक आणि झोप ही मिळकतच आहे. त्यांची गोळी "वजन वाढवते" म्हणून बदलणारा डॉक्टर चुकतो. अशा म्हाताऱ्या माणसाची गोळी दुसऱ्या कारणाने बदलली आणि वजन उतरू लागले, तर ती बातमी चांगली नाही. बारीक झाले म्हणून खूश होऊ नये, लगेच दाखवावे.

आता प्रत्यक्ष बदल. चित्रातल्या बाईला मिर्टाझापिनवरून सर्ट्रालिनवर आणले असे धरू. तिची अपेक्षा काय? वाढलेले सात किलो दोन महिन्यांत उतरतील. तसे सहसा होत नाही. नव्या गोळीने पहिले दोन-तीन आठवडे मळमळते, अन्न कमी जाते, किलो-दीड किलो उतरते आणि सगळ्यांना वाटते गुण आला. मळमळ थांबली की आकडा थोडा वर येतो किंवा तिथेच राहतो. गोळी बदलल्याने चढण थांबते, चढलेले आपोआप उतरत नाही. ते उतरवायला खाण्याचे आणि चालण्याचे वेगळे प्रयत्न करावे लागतात. फ्लुओक्सेटिनचेही असेच, सुरुवातीला वजन थोडे घटते, पण वर्षाच्या आत ती घट बहुधा भरून निघते. म्हणून पहिल्या महिन्याच्या आकड्यावर कोणत्याही गोळीची परीक्षा करू नये.

आणखी एक अडचण आहे. बदल एका दिवसात होत नाही. जुनी हळूहळू कमी करत नवी थोडी थोडी वाढवायची, हा नेहमीचा रिवाज. काही गोळ्यांच्या बाबतीत मध्ये मोकळे दिवस ठेवावे लागतात. फ्लुओक्सेटिन बंद केल्यावरही कित्येक आठवडे अंगात रेंगाळते. या काळात काट्यावरचा फरक कोणत्या गोळीचा हे सांगता येत नाही. दर आठवड्याला वजन लिहून ठेवावे, निष्कर्ष तीन महिन्यांनी काढावा. आणि नंतरही काटा सोडू नये. ब्रिटनमधल्या सुमारे तीन लाख लोकांच्या नोंदींवरून २०१८ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने छापलेल्या अभ्यासात वजन वाढण्याचा धोका उपचाराच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी सर्वांत जास्त दिसला. म्हणजे सगळे स्थिर झाले असे वाटते तेव्हाच.

कोणी म्हणेल, परदेशी लोकांचे आकडे आपल्याला कशाला? बरोबर आहे, आपले गणित वेगळे आहे, पण ते आपल्या बाजूचे नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांच्याबरोबर २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये दोघांचा एक फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी युडकिन यांच्या ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या २१.२ टक्के. दिसायला दोघेही सडपातळच. आपल्या लोकांत चरबी अशी आत, पोटाभोवती दडून असते, म्हणून भारतीयांसाठी जास्त वजनाची रेघ २५ ऐवजी २३ वर आणि लठ्ठपणाची २५ वर आखली आहे. पाच फूट एक इंच बाईला हे आकडे साधारण ५५ आणि ६० किलो होतात. आपली बाई ६१ वर होती, हे आठवावे. घरात मधुमेह असेल तर ते सात किलो केवळ ब्लाउजचा प्रश्न राहत नाहीत. वजनाबरोबर कमरेचा घेरही मोजावा. बायकांत ८० सेंटिमीटर आणि पुरुषांत ९० ही मर्यादा. शिंप्याची टेप पुरते.

गोळी बदलण्याआधी ती खरोखर दोषी आहे का, हेही पाहायला हवे. थायरॉइड मंद झाले तरी उदास वाटते आणि वजनही वाढते, ती रक्ताची तपासणी झाली नसेल तर आधी करावी. झोप लागत नाही म्हणून रात्री दुसरी एखादी गोळी जोडलेली असते, क्वेटियापिन किंवा ओलान्झापिन, आणि वजन तीच वाढवत असते. फिटसाठी किंवा मनःस्थितीच्या चढउतारासाठी दिलेल्या व्हॅल्प्रोएटनेही वजन वाढते. दम्यासाठी, सांध्यांसाठी स्टिरॉइड चालू असेल तर तेही सांगावे. आणि सर्वांत साधा घोटाळा दुकानात होतो. पाकिटाचा रंग आणि नाव बदलले म्हणून पेशंट समजतो गोळी बदलली, आत औषध तेच असते. किंवा उलट, नावे सारखी वाटतात आणि औषध दुसरे असते. मोठ्या अक्षरातले कंपनीचे नाव सोडा, खालच्या बारीक अक्षरातले औषधाचे नाव वाचा. रिकामी पट्टी फेकू नका.

घरच्यांना एक विनंती. तिचे ताट मोजू नका. मागच्या वर्षी "खा गं दोन घास" म्हणून मागे लागणारी माणसे या वर्षी "किती खातेस" म्हणू लागली, तर तिने काय समजायचे? त्यापेक्षा घरातला चहाच सगळ्यांसाठी कमी साखरेचा करा, उपवासाला साबुदाण्याऐवजी वरीचे तांदूळ आणि ताक, तेही पोटापुरते. जेवणानंतर कालव्याच्या कडेने तिच्याबरोबर अर्धा तास चालून या. ती एकटी जाणार नाही, लोक काय म्हणतील ही भीती असते. दोघे गेलात तर कोणी काही म्हणत नाही.

डॉक्टरांना माझी एकच मागणी आहे, आणि ती खर्चाची नाही. काटा प्रत्येक दवाखान्यात असतो. नैराश्याची पहिली गोळी लिहिताना आणि पुढे गोळी बदलताना, चिठ्ठीच्या कोपऱ्यात तारीख घालून वजन लिहावे. ब्लडप्रेशर लिहितो तसे. पेशंटने बारामती सोडून पुण्याला दाखवले तरी चिठ्ठी त्याच्याजवळ असते आणि पुढच्या डॉक्टरला हिशेब सापडतो.

आणि डॉक्टर लिहीत नसतील तर आपण लिहावे. मुलांच्या जुन्या वहीचे एक पान पुरे. वर आजारापूर्वीचे वजन, ठाऊक असेल तर. त्याखाली गोळी सुरू केली त्या दिवसाचे, गोळी बदलली त्या दिवसाचे, आणि मग दर आठवड्याचे, सकाळी अनशापोटी, त्याच काट्यावर. शेजारी गोळीचे नाव आणि किती मिलिग्रॅम. दोन-तीन महिन्यांत आजारापूर्वीच्या वजनापेक्षा तीन किलोच्या वर गेले, किंवा काही कारण नसता तेवढे उतरले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता ते पान घेऊन डॉक्टरकडे जावे. बारामतीला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथेही दाखवता येते. जाणे जमत नसेल, किंवा गोळी आधीच सोडून दिली असेल आणि आता काय करावे कळत नसेल, तर केंद्र सरकारची 'टेलिमानस' ही सेवा २०२२ च्या ऑक्टोबरपासून आहे. फोन नंबर १४४१६, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते आणि आपण कोणत्या गावचे हे गावात कोणाला कळत नाही.